वेदना आज गैरहजर

"यंत्राला मराठी शिकवायला कितीसा वेळ लागतो हो? एक दुपार माझ्याकडे द्या!"

बाईंनी ही गर्जना केली तेव्हा त्यांच्या एका हातात खळीचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात पाकिटांचा गठ्ठा. बाईंचं तोंड मोकळं असलं की झालं, हात कशात गुंतलेत त्याची त्या पर्वा करत नसत.

बाईंची कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन लांब टेबलं आणि चौदा माणसं. ही माणसं बुद्धीनं जरा सावकाश चालणारी. औषधांच्या दुकानांसाठी ती कागदी पाकिटं करायची. 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' असं छापलेली ती छोटी पाकिटं असतात ना, तीच. कुणी पाहुणा येऊन "किती गोड मुलं आहेत!" म्हणाला की बाईंचा पारा चढायचा. "मुलं? त्यातलं सर्वांत धाकटं मूल एकतीस वर्षांचं आहे. त्याला टक्कल पडतंय!"

तर या मंडळींना आरोग्याचे धडे द्यायला एक प्राध्यापक आपला यंत्रमानव घेऊन आले होते. कमरेएवढा, पांढराशुभ्र, वाटोळे डोळे, छातीवर एक काचेची पाटी. धडे महिनाभर चालणार होते. यंत्रमानव खुर्चीत बसून असायचा. काम काडीचं करायचा नाही, आणि त्याच्याशी सगळ्यांनी अदबीनं बोलायचं असा प्राध्यापकांचा हुकूम. खळीचं काम बघणाऱ्या मावशींनी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं.

"हा तर जावई!" मावशी म्हणाल्या. झालं! नाव पडलं.

जावई हात धुवायला छान शिकवायचा. वीस आकडे मोजायचे, तोवर साबण लावायचा. आकडे मोजायला मुकादम. मुकादम हे त्याचं खरं नाव नव्हे. पण शेहेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ रोज सकाळी दारात हजेरीचं पुस्तक घेऊन उभा राहायचा. बाईंना दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे बघून मान हलवायचा. मधे कुणी बोललं की मुकादम पुन्हा एकपासून मोजायचा. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांनी अकरा मिनिटं हात धुतले.

घोटाळा झाला तो पुढच्या धड्याला. जावयानं मान वळवली आणि मुकादमाला विचारलं, "आपणांस कोठे वेदना होत आहेत काय?"

मुकादमानं पुस्तक उघडलं. बोट वरून खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा वरून खाली नेलं.

"वेदना आपल्याकडे नाही," तो म्हणाला. "नवीन आहे का?"

"वेदना गैरहजर!" रेडिओ ओरडला. रेडिओ म्हणजे तो टक्कल पडणारा. कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य तो खोलीभर पुन्हा ऐकवायचा, म्हणून रेडिओ.

प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घ्यायचे. "भाषा किंचित अवघड होत आहे," ते म्हणाले, आणि तेव्हाच बाईंनी ती एका दुपारची गर्जना केली.

आता यात बाईंचा स्वार्थ होता, आणि तो चांगला होता. गेल्या वर्षी मुकादमाच्या पोटात चार दिवस दुखत होतं. विचारलं की "काही नाही." पाचव्या दिवशी तो पाकिटांच्या गठ्ठ्यावर कोसळला. आंत्रपुच्छ फुटलं होतं. पंधरा दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर संपलंच होतं. तेव्हापासून "काही नाही" हे दोन शब्द ऐकले की बाईंच्या अंगावर काटा यायचा.

म्हणून त्या दुपारी बाई जावयासमोर बसल्या आणि आपली घरगुती मराठी त्याच्या कानात ओतली. पोटात गोळा, डोक्याला ताप, छातीत धडधड, घसा फुटला, हातपाय गळाले, चक्कर. माणसं दुखणं जसं बोलतात तसं! प्राध्यापकांनी सोय केली, की यातलं काही ऐकलं की जावयानं "किती?" असं विचारायचं आणि पाटीवर तीन चेहरे दाखवायचे. एक जरासा वाकडा, एक बराच वाकडा, आणि एक रडका. एकाच माणसाच्या तीन तक्रारी झाल्या की गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना आणि त्या माणसाच्या घरी निरोप जाणार, ताबडतोब या. आवाज ओळखायला नमुना म्हणून बाईंचाच आवाज भरला, घरचा नंबरही बाईंचाच.

"आणि मधेच कुणी 'काही नाही' म्हणालं तर?" बाई म्हणाल्या. "तर यानं गप्प बसायचं नाही! कुणी बंद करायला गेलं तरी बंद व्हायचं नाही! डॉक्टर येईपर्यंत!"

"उत्तम सूचना," प्राध्यापक म्हणाले आणि लिहून घेतलं.

मंडळींकडूनही बाईंनी धडा पाठ करून घेतला. 'काही नाही' म्हणणारा खोटं बोलतो. त्याला आडवं करायचं, कपाळावर ओला फडका ठेवायचा, हात धरून बसायचं, आणि सोडायचं नाही! सरावाला रोज कुणी ना कुणी आजारी पडायचा. रेडिओ तर दिवसातून दोनदा आजारी पडायला लागला, कारण हात मावशी धरायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी मुकादमाच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. मुकादम तिला अक्का म्हणायचा, म्हणून कार्यशाळेतही सगळे अक्काच म्हणत. आईवडील गेल्यापासून वीस वर्षं तीच त्याला सांभाळत होती.

"बाई, तो दोन दिवस लंगडतोय," अक्का म्हणाली. "पायाला काय झालं विचारलं, तर काही नाही. बूट काढ म्हटलं, तर दाराबाहेर पळाला."

"अहो, मग झोपल्यावर बघा ना."

"मी बघेन हो. पण मी काय त्याला जन्माला पुरणार आहे? त्यानं आपल्या तोंडानं सांगायला हवं. उद्या अकराला येते मी. तुमच्या त्या यंत्राला सांगितलं, तुम्हाला सांगितलं, कुणालाही सांगितलं, तर येईल तो नेहमीसारखा. नाहीतर सोमवारपासून घरी, माझ्या डोळ्यांसमोर. मला पुन्हा ते गेल्या वर्षीचं झेपणार नाही."

बाईंना रात्रभर झोप आली नाही. मुकादम घरी बसला तर सुकून जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. हजेरी घेणं हाच त्याचा जीव होता.

शनिवारी सकाळी मुकादम दारात उभा होता, एका पायावर भार टाकून.

"मुकादम, पायाला काय झालंय?"

"काही नाही."

बाकीच्या तेराही माना वर झाल्या. धडा सगळ्यांना पाठ होता! पण मुकादमाला आडवं कोण करणार? त्याच्याच हातात हजेरी. मंडळींनी हळूच माना खाली घातल्या आणि घड्या घालायला लागली.

बाईंनी त्याला जावयासमोर बसवलं. जावयानं गोड आवाजात विचारलं, "मित्रा, कुठं दुखतंय का?" मुकादम म्हणाला, "तुला बसून बसून कंटाळा येत नाही का?" पावणेअकरा वाजले. बाईंचा धीर सुटला.

"प्राध्यापक, काहीतरी करा हो! माझ्या तर पोटात गोळा आलाय!"

जावयाची मान वळली. "बाई. पोटात गोळा. किती?"

"अरे, मला नाही विचारत! त्याला विचार! उगीच डोक्याला ताप देऊ नकोस!"

"बाई. ताप. किती?"

"बाईंना ताप!" रेडिओनं बातमी दिली.

"याला आवरा! ओरडून ओरडून घसा फुटला माझा!"

"घसा फुटला," जावई म्हणाला, आणि त्याची पाटी लालभडक झाली. "तीन तक्रारी. मदत मागवली आहे. रुग्णाला एकटं सोडू नका."

"बंद करा त्याला!"

"बंद करता येत नाही," प्राध्यापक हळूच म्हणाले. "डॉक्टर येईपर्यंत. आपलीच सूचना होती."

"देवा! हातपाय गळाले माझे!"

"हातपाय," जावई म्हणाला. "तोही निरोप पाठवला आहे."

खोलीत खुर्च्या सरकल्या. मंडळी उठली होती. बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि आयुष्यातली सर्वांत मोठी चूक करून बसल्या. त्या म्हणाल्या, "अरे, काही नाही झालेलं मला!"

"खोटं!" चौदा जण एकदम ओरडले.

पुढचं काम इतकं शिस्तीत झालं की एरवी बाईंना धन्य वाटलं असतं. चौघांनी त्यांना उचलून लांब टेबलावर आडवं केलं. डोक्याखाली शंभर पाकिटांचा गठ्ठा. दोघांनी दोन हात धरले. मावशींनी धावत जाऊन ओला फडका आणला आणि कपाळावर थापला. फडका ओला होता खरा, पण खळीनं! बाईंनी मान झटकली तशी टेबलावरची पाकिटं येऊन चिकटली. एक कपाळावर, एक गालावर. मुकादम लंगडत उशाशी येऊन उभा राहिला आणि कुणीही हात सोडत नाही ना, यावर देखरेख करू लागला.

"सोडा मला! अक्का येतेय! काही नाही झालं म्हणते ना!"

"वाढलंय," मावशी काळजीनं म्हणाल्या आणि फडका आणखी दाबला.

इतक्यात बाहेर जोराचा आवाज झाला. बाईंचे यजमान गाडी चालवायला शिकवायचे. निरोप आला तेव्हा ते एका भारदस्त गृहिणीला वळण घ्यायला शिकवत होते. उतरून जागा बदलायला वेळ कुठला? "सरळ घ्या! डावीकडे घ्या! तिकडेच घ्या!" करत त्यांनी तिलाच इथवर आणलं होतं, आणि ब्रेक कुठला ते तिला दारातल्या कुंड्यांनी शिकवलं. यजमान एका पायात चप्पल घालून आत धावले. बायको टेबलावर आडवी, चौदा माणसं भोवती, कपाळावर 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर'. त्यांचा चेहराच उतरला.

"अगं! पोटात गोळा, डोक्याला ताप, हातपाय गळाले! हे तर तू छत्तीस वर्षं म्हणते आहेस! आणि मी मूर्ख! मला वाटायचं, ही तुझी बोलायची पद्धत आहे!"

"पद्धतच आहे ती!" बाई किंचाळल्या. पण आता कोण ऐकतो! यजमानांनीही एक हात धरून घेतला.

डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ बरोबर अकराला अक्का. ती दारातच थांबली. तिनं कुंड्या बघितल्या, गाडीत बसून रडणारी गृहिणी बघितली, टेबलावरच्या बाई बघितल्या. आपल्या भावाला आपण वीस वर्षं कुणाच्या भरवशावर इथं पाठवत होतो, असा तिला प्रश्न पडलेला स्पष्ट दिसत होता.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला.

"चांगलाच वर गेलाय की."

"जाणार नाही तर काय! हे चौदा जण हातावर बसलेत माझ्या!"

"तरीही. उठा, घरी जा आणि आज आराम करा."

"घरी?" बाई ताडकन उठून बसल्या. "मुळीच नाही! चार हजार पाकिटं जायचीत आज! मी घरी गेले तर इथलं कोण बघणार? अहो, म्हणून तर मी कुणाला काही सांगत नसते! दोन महिने सकाळी उठल्यावर गरगरतंय, ते तरी कुठं सांगितलंय कुणाला? सांगितलं की लागलीच घरी बसवणार!"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

यजमानांच्या हातातला हात तसाच राहिला. "गरगरतंय?" ते म्हणाले. "दोन महिने?" आणि त्यांच्या आवाजात या खेपेला घाबरटपणा नव्हता, नुसतं वाईट वाटलेलं होतं. जावयानं या वेळी 'किती?' विचारलंच नाही. गरगरणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. बाईंनी आपल्या दुखण्यासाठी नेमका तोच एक शब्द राखून ठेवलेला!

तेव्हा मुकादमानं हजेरीचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"माझं पण तसंच," तो म्हणाला.

"काय तसंच?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं की घरी पाठवतात." त्यानं भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. तिथं बाईंच्याच वळणदार अक्षरात वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं, 'बरं नसेल त्यानं घरी जावं.' मुकादमाला वाचता फारसं येत नसे, पण हा फळा त्याला पाठ होता. "पोटात दुखलं तेव्हा पंधरा दिवस पाठवलं. पुस्तक रेडिओनं घेतलं. सगळं चुकवलं त्यानं. रविवारची पण हजेरी लावली."

"रविवारची पण!" रेडिओनं कबूल केलं.

बाई त्या फळ्याकडे बघत राहिल्या. वर्षभर त्या या माणसाला सांगत होत्या, लपवू नकोस, सांग! आणि सांगणाऱ्याला काय मिळतं ते त्यांनीच खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं. त्यांना फार लाज वाटली. गालावर पाकीट असताना लाज वाटणं तर आणखीच अवघड असतं.

त्या टेबलावरून उतरल्या. या वेळी कुणी अडवलं नाही. फळा पुसला आणि लिहिलं, 'बरं नसेल त्यानं सांगावं आणि इथंच बसावं.' मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

मुकादमानं विचार केला. "हजेरी लागेल?"

"लागेल."

"पूर्ण?"

"पूर्ण. आणि जास्तच लागलं तर दवाखान्यात जायचं. पण पुस्तक तुझंच. रेडिओला देणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

मुकादम वळला. प्राध्यापक पेन सरसावून जावयाशेजारी उभे राहिले. महिन्याच्या प्रयोगाचं फळ आता पदरात पडणार होतं. मुकादम लंगडत जावयाच्या समोरून सरळ पुढे गेला आणि दारात उभ्या असलेल्या अक्कासमोर थांबला. खाली बसून त्यानं बूट काढला, मोजा काढला.

"अक्का, इथं दुखतंय," तो म्हणाला. आणि किती ते सांगायला त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. तिसऱ्या चेहऱ्याच्याही पलीकडचं.

अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. अंगठा टोमॅटोसारखा लाल. डॉक्टरीणबाई खाली बसून काम करू लागल्या. "आत्ता सांगितलं ते बरं केलंस," त्या म्हणाल्या, "आठवड्यानं कठीण झालं असतं." अक्कानं भावाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि पदर डोळ्यांना लावला. ते बघून मावशींनी फडका पुढे केला, पण बाईंनी तो वेळेवर हिसकावून घेतला.

"सोमवारी पाठवते त्याला," जाताना अक्का एवढंच म्हणाली.

बाई त्या दिवशी घरी गेल्या नाहीत, पण खुर्चीत बसून राहिल्या, आणि गरगरण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. प्राध्यापकांनी अहवालात लिहिलं, 'यंत्राने एकही तक्रार निसटू दिली नाही.'

सोमवारी सकाळी त्या दार उघडतायत तोच फोन वाजला. अक्का.

"बाई, काल दिवसभर तो सांगत होता हो."

"काय?"

"दुखणी! आधी अंगठा. मग कोपर. मग लहानपणी पडला होता ते. मग म्हणाला, अक्का, आता तुझं सांग. मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाला, खोटं!"

"मग?"

"मग काय, सांगितलं. कंबर, गुडघे, सगळं. तासभर सांगितलं. वीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं ना." अक्काचा आवाज जरासा ओला झाला. बाईंनाही गलबलून आलं. त्या फोन घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"मग त्यानं मला आडवं केलं," अक्का म्हणाली. "कपाळावर फडका ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही. दूध उतू गेलं, शेजारीण बेल वाजवून वाजवून परत गेली, तरी हात सोडला नाही. आमच्या धाकट्या बहिणीकडे घराची किल्ली असते, ती आली बघायला, तर तिलाही शेजारी आडवं केलं."

"अगंबाई!"

"म्हणून म्हटलं, बाई, विचारावं..." अक्का जराशी घुटमळली. "तुमची ती कार्यशाळा रविवारी नाही का हो चालू ठेवता येणार?"